सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

एखादी संख्या समोर आली की ती फोडून बघायची मला सवय आहे. बसचं तिकीट, गाडीचा नंबर, किराणा दुकानाच्या पावतीवरची रक्कम, काहीही चालतं. ६१७४ फोडायला अगदी सोपी. सम आहे, म्हणून दोनाने भाग जातो, राहतात ३०८७. या अंकांची बेरीज अठरा, तेव्हा नवाने भाग जाणारच, राहतात ३४३. आणि ३४३ म्हणजे सातचा घन. फोड झाली: २ × ३ × ३ × ७ × ७ × ७.

हाताशी एवढं आलं की संख्येबद्दल बरंच काही सांगता येतं. तिचे विभाजक चोवीस. त्यांतून ती स्वतः वगळली, तर उरलेल्या तेवीस विभाजकांची बेरीज ९४२६ होते, म्हणजे मूळ संख्येपेक्षा बरीच जास्त. इसवी सन १०० च्या आसपास होऊन गेलेल्या निकोमॅकस या ग्रीक पंडिताने याच कसोटीवर संख्यांचे तीन वर्ग पाडले होते. ज्यांच्या विभाजकांची बेरीज बरोबर त्यांच्याइतकी भरते त्या परिपूर्ण, जशी सहा (१ + २ + ३); ज्यांची कमी पडते त्या उण्या; ज्यांची वर जाते त्या अधिक. ६१७४ अधिक वर्गातली. यात विशेष असं काही नाही, कारण सहाच्या पटीतली, सहापेक्षा मोठी प्रत्येक संख्या याच वर्गात पडते.

मला विशेष वाटतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. तिच्या सहा मूळ अवयवांचे वर्ग करून मिळवले, ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९, तर १६९ येतात, तेराचा वर्ग. आणि १ पासून ६१७४ पर्यंतच्या ज्या संख्यांचा तिच्याशी एकाखेरीज कोणताही सामाईक अवयव नाही, अशा मोजल्या तर त्या भरतात १७६४. हा बेचाळिसाचा वर्ग. शिवाय त्याचे अंक बघा: १, ७, ६, ४. तेच चार अंक, फक्त जागा बदललेले. मोजण्याची रीत सरळ आहे. दोनाने भाग जाणाऱ्या काढल्या की निम्म्या राहतात, तिनाने जाणाऱ्या काढल्या की त्यांतल्या दोन तृतीयांश, साताने जाणाऱ्या काढल्या की त्यांतल्या सहा सप्तमांश. सगळं गुणलं की दोन सप्तमांश. ६१७४ चे दोन सप्तमांश १७६४ होतात हे समजतं. पण तिचेच अंक पुन्हा का यावेत, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि बहुधा योगायोगाखेरीज दुसरं उत्तर असणारही नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण ६१७४ चं नाव ज्यामुळे जगभर झालं, ती गोष्ट या फोडीत कुठेच दिसत नाही.

ती गोष्ट दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पुढची पदवी नाही, संशोधन संस्था नाही, मार्गदर्शक नाही. शाळा सुटल्यावर अंक मांडून बसायचं, हेच त्यांचं संशोधन. नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्याने मी आजवर कितीदा तरी गेलो आहे, आणि दर वेळी मनात हेच येतं की या एवढ्याशा गावात, तोफखान्याच्या आवाजात, एक मास्तर वह्यांमागून वह्या आकड्यांनी भरत होते.

त्यांनी काय केलं ते त्यांच्याच जन्मवर्षावर करून बघू. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. आता याच्यावर पुन्हा तेच. ९५३१ वजा १३५९, आले ८१७२. ८७२१ वजा १२७८, आले ७४४३. ७४४३ वजा ३४४७, आले ३९९६. ९९६३ वजा ३६९९, आले ६२६४. ६६४२ वजा २४६६, आले ४१७६. ७६४१ वजा १४६७, आले ६१७४. पुढे जायला वाट नाही, कारण ६१७४ चे अंक मांडले की पुन्हा ७६४१ वजा १४६७.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती इथेच येते. १९०५ ला सातही लागल्या. कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्या सालाचे अंक घेतले तरी सातच लागतात (८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४). १००० ते ९९९९ मधल्या सारख्या अंकांच्या नऊ संख्या सोडल्या तर ८९९१ उरतात. त्यांतल्या सर्वांत जास्त, २१२४, तीन पायऱ्यांत पोचतात आणि १९८० संख्यांना सात लागतात. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. मध्येच तीन अंकी उत्तर आलं तर पुढचं शून्य टाकून द्यायचं नाही. २२२१ वजा १२२२ म्हणजे ९९९, पण ते ०९९९ असंच लिहायचं. शून्य गाळलं की ९९९ वजा ९९९ होऊन सगळं संपतं. ठेवलं की ८९९१, ८०८२, ८५३२ करत ६१७४ गाठता येते.

हे मी माझ्या आठवीतल्या भाचीला दाखवलं तेव्हा तिने निरनिराळ्या संख्या घेऊन पाहिल्या. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिने मात्र पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “मामा, पण का?”

“का म्हणजे?”

“म्हणजे येतं ते कळलं. पण दुसरं काही का येत नाही?”

इंटरनेटवर हा खेळ हजार ठिकाणी सापडतो, गूढ, चमत्कारिक, जादूचा अशी विशेषणं लावून. त्यांतल्या फारच थोड्या ठिकाणी या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आणि उत्तर तर तिच्याच पुस्तकातलं आहे, स्थानिक किंमत आणि बीजगणित, एवढ्यावर भागतं.

चार अंक मोठ्यापासून लहानापर्यंत क, ख, ग, घ असे धरा. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ. लहान संख्या १०००घ + १००ग + १०ख + क. वजाबाकी केली की राहतं ९९९(क − घ) + ९०(ख − ग). इथे थांबून नीट बघायला हवं. उत्तर ठरवायला चार अंक लागतच नाहीत. लागतात फक्त दोन फरक: बाहेरच्या दोन अंकांतला आणि आतल्या दोन अंकांतला. ७६४१ मध्ये बाहेरचा फरक ६, आतला २. ९९९ च्या सहा पटी ५९९४, नव्वदच्या दोन पटी १८०, मिळून ६१७४. ८५३२ मध्येही बाहेरचा ६ आणि आतला २, म्हणून तिथूनही एकाच पायरीत ६१७४.

बाहेरचा फरक १ ते ९ मधला काहीही असू शकतो, आणि आतला त्याच्याइतका किंवा त्याच्याहून कमी. असे एकूण प्रकार मोजले तर ५४ होतात. म्हणजे ८९९१ संख्यांची गर्दी पहिल्या वजाबाकीतच ५४ उत्तरांवर येते. सगळी कमाल या पहिल्या पायरीत आहे असं मला वाटतं. पुढच्या सहा पायऱ्या तिची निस्तरानिस्तर.

या ५४ उत्तरांची ठेवणही ठरलेली. आतला फरक शून्य नसेल तर उत्तराचा पहिला आणि शेवटचा अंक मिळून नेहमी दहा, आणि मधले दोन मिळून नेहमी आठ. ९३५१, ८१७२, ७४४३, ६२६४, वरची कोणतीही उदाहरणं तपासा. आतला फरक शून्य असेल तर मधले दोन्ही अंक नऊ आणि कडेचे मिळून नऊ, जसं ३९९६. पुढच्या पायरीत आपण अंक पुन्हा क्रमाने लावणार, तेव्हा ते कोणत्या जागी आहेत याला महत्त्व नाही. ४१७६ आणि ६१७४ आपल्या दृष्टीने एकच. दहा होणाऱ्या जोड्या पाच: १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६, ५ आणि ५. आठ होणाऱ्याही पाचच: ० आणि ८, १ आणि ७, २ आणि ६, ३ आणि ५, ४ आणि ४. प्रत्येकीची प्रत्येकीशी सांगड घातली की पंचवीस. मध्ये दोन नऊ असलेले प्रकार आणखी पाच. एकंदर तीस.

तीस! हजारो संख्यांबद्दलचा दावा तीस वजाबाक्यांत सिद्ध होतो. एका पानावर तीस संख्या लिहायच्या, प्रत्येकीपासून तिच्या उत्तराकडे बाण काढायचा. भाचीने तसं केलं. पान बाणांनी भरलं, आणि कुठूनही निघालं तरी बाण ७, ६, ४, १ या चौकडीकडेच येत होते. मला पुस्तकातून माहीत असलेली गोष्ट तिच्या वहीत सिद्ध झाली होती, आणि तिला आता कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नव्हती.

पण लगेच पुढचा प्रश्न आला. “बाण फिरत का नाही राहिले? गोल गोल?”

प्रश्न फार चांगला आहे. संख्या मोजक्याच असल्यामुळे बाणांच्या मागे चालत गेलं की कधीतरी आधी येऊन गेलेल्या ठिकाणी परत यावंच लागतं, एवढं नक्की. ते परत येणं एकाच संख्येवर थांबण्याच्या रूपात होईल की चक्राच्या, हे मात्र आधी सांगता येत नाही. दोन अंकांचं बघा: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. चक्रच. तीन अंकांत सगळ्या संख्या ४९५ वर थांबतात. तिथे उत्तर फक्त बाहेरच्या फरकाच्या ९९ पट असतं, त्यामुळे नऊच उत्तरं तपासायची. पाच अंकांत थांबा नाही, तीन चक्रं आहेत. सर्वांत छोटं ५३९५५ आणि ५९९९४ यांचं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन थांबे आहेत आणि शिवाय सात संख्यांचं एक चक्रही. आठ अंकांत ६३३१७६६४ हा एक थांबा. ६१७४, ६३१७६४, ६३३१७६६४, ६३३३१७६६६४, या चौघी बारकाईने पाहिल्या तर एक तीन आणि एक सहा वाढवत कुळ कसं पुढे जातं ते दिसेल. ते कधीच संपत नाही.

मात्र ‘जिथून निघाल तिथून इथेच याल’ असं निरपवाद ठिकाण दशमान पद्धतीत तीन अंकांना मिळालं, चार अंकांना मिळालं, आणि नंतर कोणालाच नाही. प्रिचेट, लुडिंग्टन आणि लापेंटा या तिघांनी १९८१ मध्ये हा प्रश्न पूर्ण सोडवला. चार अंकांना हे भाग्य का, याला तीस बाणांपलीकडचं खोल कारण नाही. बाण तसे लागले, एवढंच. मला यात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. कारण पूर्ण दिसतं, पानभर जागेत मावतं, आणि तरीही ते आधी ओळखता आलं नसतं. या दोन्ही गोष्टी एकत्र भेटणं दुर्मीळ आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. संख्येचे गुण दोन तऱ्हांचे असतात. काही तिच्या अंगचे, काही तिच्या पेहरावाचे. ६१७४ खडे जमिनीवर मांडले आणि मोजणाऱ्याला लिहिता येत नसलं, तरी त्यांचे सात बाय सात बाय सातचे अठरा ठोकळे रचता येतील. हा अंगचा गुण. वजाबाकीचा खेळ तसा नाही. ‘दहा दहाचे गट करून लिहा’ हे ठरल्याशिवाय तो सुरूच होत नाही. हीच संख्या दोनाच्या पायावर लिहिली तर ११००००००११११० होते. साताच्या पायावर लिहिली तर २४०००, म्हणजे साताने मोजणाऱ्या माणसाला ती अगदी गोळाबेरीज केलेली रक्कम वाटेल. त्याला ६१७४ चं काहीच कौतुक नसेल. पाचाने मोजणाऱ्याकडे मात्र त्याची स्वतःची चार अंकी अचल संख्या आहे, ३०३२; ती त्याच्या रीतीने उलटसुलट मांडून वजा केली की पुन्हा तीच येते.

याच कारणाने अशा शोधांकडे मोठे गणिती फारशा आदराने बघत नाहीत. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण दिलं आहे. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत. कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाला यात काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. कापरेकरांच्या वाट्याला आपल्याकडे हेच आलं. पुष्कळ गणितज्ञांनी त्यांचं काम क्षुल्लक मानलं. बरंचसं लेखन लहानसहान नियतकालिकांत किंवा स्वतः काढलेल्या पुस्तिकांतून गेलं. ६१७४ वरचा लेख १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त आला, आणि खरी ओळख झाली ती मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. कापरेकर तेव्हा सत्तरीचे होते, निवृत्तीला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती, तुटपुंज्या पेन्शनीला शिकवण्यांची जोड देत होते. १९८६ मध्ये ते देवळालीतच गेले.

हार्डींचं म्हणणं मला निम्मं पटतं. एखादी संख्या शोधून काढली, तपासली, आणि तिथेच विषय संपला, असं झालं तर त्यातून विचार पुढे सरकत नाही. पण कापरेकरांचा प्रश्न वेगळ्या जातीचा होता. ते ‘ही संख्या कशी आहे’ एवढंच विचारत नव्हते. ‘हीच कृती करत राहिलो तर शेवटी काय होईल’ असं विचारत होते. तीच तीच क्रिया पुन्हा पुन्हा केल्यावर गोष्टी स्थिरावतात की फिरत राहतात, हा प्रश्न गणितात कोणीही क्षुल्लक म्हणणार नाही. तो त्यांनी शाळकरी मुलाच्या हाताला येईल इतका खाली आणून ठेवला.

शिवाय पेहराव म्हणून तो कमी लेखायचा का? जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या दक्षिणा त्यात आकड्यांसह कोरल्या आहेत. एका ठिकाणी १७०० गायींचा उल्लेख येतो. त्या ब्राह्मी आकड्यांत हजाराला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, सत्तराला वेगळं, चाराला वेगळं. त्या रीतीने ६१७४ कोरली आणि चिन्हं हवी तशी उलटीपालटी केली तरी सहा हजार सहा हजारच राहतात आणि चार चारच. तिथे कापरेकरांचा खेळ खेळताच येत नाही. रोमन आकड्यांचीही तीच कथा. अंकाने जागा बदलली की किंमत बदलते, आणि रिकामी जागा राखायला शून्य लागतं, हे ठरायला शतकं जावी लागली. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इसवी सन ८७६ च्या लेखात २७० हा आकडा आपण आज लिहितो तसा, शून्यासकट, कोरलेला सापडतो. माणसाच्या बुद्धीने घडवलेल्या फार मोठ्या वस्तूंपैकी ही एक. तिचे कानेकोपरे कोणीतरी आयुष्य घालून तपासावेत, हे मला पूर्णपणे योग्य वाटतं. वर ०९९९ मधलं शून्य गाळू नका म्हटलं, तेव्हा त्याच शोधाचा आधार घेतला होता.

कापरेकरांनी संख्यांचे इतरही वर्ग पाडले. ६१७४ त्यांच्यापुढे उभी केली तर काय होतं ते बघणं मला आवडतं. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद संख्या: ६१७४ भागिले अठरा, ३४३. ही हर्षद आहे. जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की मूळ संख्या येते ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६, आणि ३८११ + ८२७६ होतात १२०८७. तेव्हा कापरेकरांचं नाव लागलेली ही संख्या कापरेकर संख्या नव्हे. डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचल्या म्हणून त्या स्टेशनाच्या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेम्लो संख्यांशीही, १२१, १२३२१ वगैरेंशी, हिचं नातं नाही.

स्वयंभू संख्यांचा वर्ग मला या सगळ्यांत देखणा वाटतो. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. ६१७४ चे जन्मदाते शोधायचे तर ६१५६ हाती लागते, कारण ६१५६ + १८ = ६१७४. दुसरी कोणतीच संख्या चालत नाही. ६१५६ कुठून आली? ६१३८ + १८. आणि ६१३८? हिला जन्म देणारी कोणीच नाही. जन्मदाती संख्या असलीच तर तिला नवाने भाग जायला हवा हे पटकन दिसतं, म्हणून ६१२९, ६१२०, ६१११ आणि ६१०२ तपासल्या की काम झालं. त्यांत बेरजा मिळवल्या तर ६१४७, ६१२९, ६१२० आणि ६१११ येतात, ६१३८ एकदाही नाही. म्हणजे ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ यांच्या वर्गातली. कापरेकरांची प्रसिद्ध संख्या एका स्वयंभू संख्येची नात निघावी, हे ज्या दिवशी वहीत उतरलं तो दिवस मला अजून आठवतो. हे सगळं पेहरावाचंच, मान्य आहे. पण मला ते सांगताना आनंद होतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

आता एक अंगचा गुण, जो मी मुद्दाम शेवटी ठेवला. ६१७४ = १८ × ३४३ हे झालं. पण ३४३ म्हणजे १ + १८ + ३२४ सुद्धा: एक, अठरा आणि अठराचा वर्ग. म्हणून ६१७४ म्हणजे अठरा, अठराचा वर्ग आणि अठराचा घन यांची बेरीज: १८ + ३२४ + ५८३२. अठराच्या पायावर लिहिली तर ती १११० अशी दिसते.

हे इथे संपत नाही. एकापासून सुरू करून एखाद्या संख्येच्या चढत्या घातांची बेरीज घ्यायची, निदान तीन पदं तरी हवीत, आणि ती बेरीज स्वतः कशाचा तरी वर्ग, घन किंवा आणखी वरचा घात व्हावी, असं कितीदा घडतं? सगळ्या जगात आजवर तीन उदाहरणं माहीत आहेत. १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१, अकराचा वर्ग. १ + ७ + ४९ + ३४३ = ४००, विसाचा वर्ग. आणि १ + १८ + ३२४ = ३४३, सातचा घन. तिसरं ६१७४ च्या पोटात आहे ते आत्ताच पाहिलं. दुसरंही तिथेच आहे: १, ७, ४९, ३४३ हे ३४३ चे विभाजक, आणि ६१७४ च्या सगळ्या विभाजकांची बेरीज करायला बसलं की वाटेत ४०० लागतातच (३ × १३ × ४०० = १५६००). तीनांपैकी दोन एकाच चार अंकी संख्येत, आणि तीही देवळालीच्या मास्तरांना अगदी वेगळ्या दाराने आत शिरून सापडलेली. दोन्ही दारांचा आपसात संबंध असावा असं मानायला कसलाही आधार नाही. हार्डींच्या कसोटीला मात्र ही बाजू नक्कीच उतरते.

या प्रश्नाला नागेल आणि ल्युंगग्रेन या दोन नॉर्वेजियन गणितज्ञांची नावं जोडलेली आहेत. बेरीज पूर्ण वर्ग व्हायची असेल तर १२१ आणि ४०० यांपलीकडे काही नाही, हे त्यांच्या कामातून सिद्ध झालं. पदं तीनच असतील तर अठरा हा एकच आकडा चालतो, हेही. भाचीने एकोणीस घेऊन पाहिले, वीस घेऊन पाहिले, आणि मग मला विचारलं की पदं पाच केली, सात केली, आणि वर्गाऐवजी घन किंवा पाचवा घात मागितला तर? चौथं उदाहरण नसावं असा तज्ज्ञांचा कयास आहे. संपूर्ण सिद्धता अजून कोणालाही देता आलेली नाही.